गाडी मिसिंग आहे

गाडीने पहिला आचका दिला तेव्हा भाऊसाहेबांनी तो आपल्या चपलेचा दोष मानला. दुसरा दिला तेव्हा रस्त्याचा. तिसरा मात्र भर चढावर दिला, मागे एसटी आणि तिच्यामागे पर्यटकांच्या चार गाड्या असताना, आणि तोही असा, की शेजारी बसलेल्या विनिताच्या मांडीवरची माठाची जुडी थेट तिच्या पायाशी जाऊन पडली. मग मात्र दोष गाडीचाच आहे हे कबूल करावं लागलं.

भाऊसाहेब म्हणजे हरेश्वर नाखवा, काशीदच्या अलीकडच्या दांडेपाखाडीचे. आडनाव होडीवरचं असलं तरी त्यांच्या नशिबी सरकारी कचेरीतलं वरिष्ठ लिपिकाचं टेबल आलं आणि गाव त्यांना भाऊसाहेब म्हणू लागलं. गाडी सेकंडहँड, पांढरी, पेट्रोलवरची. ती घराच्या मागे वाडीत, नारळांच्या सावलीत उभी असायची. भाऊसाहेब कचेरीत एसटीने जात आणि गाडी फक्त रविवारी काढत, तीही चाळिसाच्या पुढे काटा जाऊ न देता. त्या शुक्रवारी सुट्टी होती म्हणून बाजाराला काढली, तेवढाच अपवाद. तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं तिला धूत. अशा गाडीने आपल्याशी असं वागावं, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

दुखणं मोठं चमत्कारिक होतं. सुरू व्हायला तक्रार नाही. उभी असताना आवाज अगदी शहाण्यासारखा. पण रेस दिली, की आधी थबकायची, वरिष्ठांचा अभिप्राय मागवल्यासारखी. मग दोन आचके, आणि मग एकदम पुढे. हा प्रकार भाऊसाहेबांच्या ओळखीचा होता. त्यांच्या टेबलावर आलेला अर्ज नेमका असाच पुढे सरकायचा. फरक एवढाच, की कचेरीत मागून एसटी येत नाही.

एरवी त्यांनी ही बाब सावकाश हाताळली असती. पण नऊ दिवसांवर विनिताची परीक्षा होती. विनिता म्हणजे त्यांची बायको, अठरा वर्षं गावच्या अंगणवाडीत सेविका. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी खात्याने परीक्षा काढली होती आणि पुढच्या खेपेला ती वयात बसणार नव्हती. म्हणजे ही पहिली आणि शेवटची संधी. रविवारी, मुंबईत, बरोबर अकराला केंद्राचं फाटक बंद. त्यासाठी मांडव्याहून सव्वानऊची बोट मिळायलाच हवी. हॉलतिकिटावर ‘कोणत्याही कारणास्तव झालेला विलंब ग्राह्य धरला जाणार नाही’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं. असली वाक्यं जन्मभर स्वतः टाइप केल्यामुळे ती किती खरी असतात, हे भाऊसाहेबांना चांगलं माहीत होतं.

“मी पहाटेच्या एसटीने जाते,” विनिता भाजी गोळा करत म्हणाली.

“घरची गाडी असताना?”

“एसटी आचके देत नाही.”

“नऊ दिवस आहेत. नऊ दिवसांत गाडी ठणठणीत करतो,” भाऊसाहेब म्हणाले. असं ठोस आश्वासन त्यांनी कचेरीत कधी कुणाला दिलं नव्हतं. फेब्रुवारीत तिने परीक्षेचा अर्ज भरल्याचं सांगितलं होतं, तेव्हासुद्धा त्यांनी फक्त “बघू” म्हटलं होतं.

पहिला सल्ला शेजारच्या दयारामचा. दयाराम दोन ट्रकांचा मालक आणि इंजिन या विषयावर पाखाडीत त्याच्यापुढे कुणी बोलत नसे. त्याने बॉनेट उघडायचीही तसदी घेतली नाही. वाडीच्या कुंपणावरूनच म्हणाला, “पेट्रोलमध्ये पाणी हाय.”

“कशावरून?”

“मंग आचके कशावरून?”

शनिवारी दुपारभर दोघांनी टाकी उपसली. पाण्याचा थेंब निघाला नाही, पण पेट्रोलही भाऊसाहेबांच्या अंदाजाच्या अर्ध्यानेच निघालं. शुक्रवारची बाजाराची फेरी सोडली तर मागच्या रविवारपासून गाडी हलली नव्हती. मग ते गेलं कुठे? भाऊसाहेबांनी टाकीखाली पुठ्ठा घालून रात्रभर गळती तपासली. पुठ्ठा कोरडा. दयाराम म्हणाला, उन्हानं उडतं. मे महिना होता, तेव्हा तेही पटलं. सोमवारी दयारामच्या सांगण्यावरून एअर फिल्टर बदलला आणि गाडी पहिल्यापेक्षा जोमाने आचके देऊ लागली.

भाऊसाहेबांच्या आई नीराबाई पुढच्या ओटीवर बसून या सगळ्या उद्योगाची खबर ठेवून होत्या. त्या दिवसभर ओटीवरच असत. समोर सुकटीच्या टोपल्या, भोवती चार बाया, मागे मोठ्या आवाजात टीव्ही. त्या म्हणाल्या, “फिल्टर न् बिल्टर. दिष्ट लागलीय गाडीला. सारकी धुतोस, लोकांच्या डोल्यात येते.”

मंगळवारी तिन्हीसांजेला त्यांनी मीठमोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या गाडीवरून उतरवल्या आणि बॉनेटपुढेच निखाऱ्यावर टाकल्या. धूर एसीच्या जाळीत शिरला तो बाहेर यायला तयार होईना. दार उघडलं, की ठसका. बुधवारी संध्याकाळी भाऊसाहेब घरी आले तेव्हा विनिताचे डोळे लालभडक झालेले दिसले. परीक्षेचा ताण, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि त्यांना तिची दया आली.

गुरुवारी रजा टाकून ते गाडी घेऊन रेवदंड्याच्या अलीकडच्या निकेतच्या गॅरेजात गेले. निकेत पोरगेलासा, पण हाताला यश असलेला मेकॅनिक. त्याने गाडी चालू केली, डोळे मिटले, दोनदा रेस दिली आणि एका शब्दात निदान केलं.

“मिसिंग हाय, काका.”

“काय मिसिंग आहे?”

“काय न्हाय. गाडी मिसिंग मारते. इंजिनातल्या चार सिलिंडरांतल्या एकात पेट्रोल बरोबर जळत न्हाय.” त्याने प्लग काढून दाखवले. चारही चुलीतल्या कोळशासारखे काळे. “काजळी बघा कवढी. गाडी उभ्या उभ्या चालू ठेवता काय?”

भाऊसाहेबांना हा प्रश्न अपमानाचा वाटला. जो माणूस उतारावर पेट्रोल वाचावं म्हणून वाऱ्याची दिशा बघतो, त्याला हे विचारणं म्हणजे ब्रह्मचाऱ्याला मुलं किती असं विचारणं.

“माझी गाडी रविवारशिवाय जागची हलत नाही,” ते म्हणाले.

“हलत न्हाय, ते ठीक. चालू ठेवता काय, ते विचारतोय.”

“नाही.”

निकेतने मान खाजवली. प्लग घासून बसवले, गाडी बरी धावली, आणि भाऊसाहेब जिंकल्यासारखे घरी आले. जेवताना त्यांनी हा किस्सा आईला आणि विनिताला रंगवून सांगितला. “मला विचारतो, उभ्या उभ्या चालू ठेवता का. मला.” नीराबाई हसल्या. विनिता वाढत होती. आमटी भाताऐवजी पाटावर पडली, तेव्हा ती फडकं आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी पुन्हा पहिल्यासारखी. वाडीच्या फाटकाबाहेर काढतानाच तिने तीन आचके दिले. निकेत फोनवर म्हणाला, “मंग कॉइल असंल. पनवेलवरनं मागवायला लागंल. मंगळवारी येईल.” परीक्षा रविवारी होती.

“मी एसटीने जाते,” विनिता पुन्हा म्हणाली.

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने “बरं” म्हटलं असतं. पण आठ दिवस शेजाऱ्यासमोर टाकी उपसून, मिरच्या जाळून आणि रजा घालवून शेवटी बायकोला एसटीच्या थांब्यावर उभं करायचं, ही कल्पना भाऊसाहेबांना सोसली नाही. त्यांनी शेवटचा उपाय काढला. ‘दांडेपाखाडी ग्रामस्थ’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी एक निवेदन लिहिलं. कचेरीची सवय, त्यामुळे मसुदा तीनदा तपासला.

‘सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, माझी पांढऱ्या रंगाची गाडी गेल्या आठ दिवसांपासून मिसिंग आहे. बरेच प्रयत्न करूनही कारण सापडलेले नाही. तरी याबाबत कोणास काही माहिती असल्यास त्वरित कळवावे.’ खाली गाडीचा नंबर, आपलं नाव आणि दिनांक. नंबर देण्याची गरज नव्हती, पण नंबराशिवायचा पत्रव्यवहार त्यांना अपुरा वाटायचा.

उत्तरं इतकी आली, की त्यांचं मन भरून आलं. जोडलेले हात, रडके चेहरे. ‘फार वाईट झाले भाऊसाहेब.’ ‘काळजी नसावी, सापडेल.’ कारण सापडेल, असं त्यांनी वाचलं. ‘आमच्या साडूची पण अशीच गेली होती, कर्जतला मिळाली.’ कॉइल कर्जतला मिळत असावी, असं समजून त्यांनी साडूचा नंबर मागून ठेवला. गावचे पोलीस पाटील अनंता यांनी लिहिलं, ‘वर कळवतो.’ इंजिनाच्या बाबतीत वर म्हणजे नेमकं कुठे, याचा भाऊसाहेबांनी थोडा विचार केला. पण माणूस मदत करतो म्हणतोय तर कशाला अडवा, म्हणून आभार मानले. गाडी वाडीत मागे उभी असते, रस्त्यावरून दिसत नाही, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सव्वासहाला दोघं निघाली. नीराबाईंनी सुनेच्या हातावर दही घातलं. विनिताने हॉलतिकीट पिशवीत ठेवलं, मग काढून पाहिलं, मग पुन्हा ठेवलं. निळी साडी, वेणी घट्ट. काशीदपुढचा चढ गाडीने सहा आचक्यांत पार केला आणि प्रत्येक आचक्याला भाऊसाहेबांचा पाय आपोआप पॅडलवरून उचलला गेला. तीसच्या वेगाने रेवदंड्याचा पूल गाठायला सात वाजले. तरी सव्वानऊ अजून लांब होते.

पुलाच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदाराने हात केला, नंबर पाहिला, मोबाइल पाहिला, पुन्हा नंबर पाहिला.

“गाडी बाजूला घ्या. चावी द्या.”

“का?”

“गाडी चोरीची आहे.”

भाऊसाहेब आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून हे ऐकत होते, म्हणून त्यांना आधी हसू आलं. हवालदाराने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर त्यांचाच मसुदा होता, वर अनंता पाटलांचा शेरा, ‘आमच्या गावातून वाहन बेपत्ता, कृपया नाकाबंदीत लक्ष द्यावे.’

“अहो, ही मीच लिहिलेली सूचना आहे. मिसिंग म्हणजे मिसिंग मारते. आचके देते.”

“यात लिहिलंय, मिसिंग आहे.”

“आहेच ती मिसिंग.”

“मग समोर काय उभं आहे?”

विनिताने घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं.

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने आरसी बुक मागितलं. ते घरी होतं, कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत, कारण गाडी चोरीला गेलीच तर निदान कागद चोराच्या हाती लागू नयेत, हा भाऊसाहेबांचा दूरदृष्टीचा विचार. मोबाइलमध्ये कागद काढायचे तर ओटीपी हवा आणि पुलाजवळ रेंज येऊन जाऊन होती. साडेसातला कसाबसा अनंता पाटलांचा फोन लागला. हवालदाराने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“पाटील, मी हरेश्वर. मला पुलावर अडवलंय, गाडीसकट. यांना सांगा जरा.”

“गावली गाडी?” पाटलांचा आवाज आनंदाने भरला होता. “व्वा, भाऊसाहेब. हवालदारसाहेब, सोडू नका हां त्याला. आमचा भाऊसाहेब गरीब मानूस हाय, आठ दिवस झोपला न्हाय. चांगला आत घ्या चोराला.”

“पाटील, चोर नाही, मीच—”

रेंज गेली.

“मी कशाला चोरीन माझीच गाडी?” भाऊसाहेब घामाघूम झाले होते. “ठीक आहे, ती तक्रार मी मागे घेतो. कागद द्या.”

“तक्रार नोंदवलीय तुम्ही?”

“नाही.”

“मग मागे काय घेणार?”

याच वळणावर आजवर शेकडो माणसं भाऊसाहेबांच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली होती आणि भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं होतं. आज हवालदाराने तसं पाहिलं. पावणेआठ वाजले. मागून एसटी आली, नाक्यावर हळू झाली आणि पुढे निघून गेली. विनिताने ती वळणाआड जाईपर्यंत पाहिली, आणि भाऊसाहेबांना तिच्याकडे बघवेना.

“साहेब, हिची परीक्षा आहे,” ते म्हणाले. आवाजातला भाऊसाहेब आता निघून गेला होता. “मला इथे बसवून ठेवा. हिला जाऊ द्या.”

हवालदाराने हॉलतिकीट वाचलं. जरा विचार केला. मग म्हणाला, “एक करू. गाडी तुमची आहे ना? पुढच्या खणात काय काय आहे ते सांगा. जुळलं तर जा.”

हा प्रश्न म्हणजे देवच पावला. “टायरची हवा बघायचं मीटर,” भाऊसाहेब ताठ उभे राहत म्हणाले. “पिवळं फडकं. गणपतीचा फोटो. एक पेन, निळं.”

हवालदाराने खण उघडला. एक चष्मा निघाला. छोटी स्टीलची डबी निघाली. हिरवी आणि गुलाबी स्केचपेनं निघाली. वेताचा हातपंखा निघाला. मीटर नव्हतं, फडकं नव्हतं, आणि गणपतीच्या फोटोमागे कुणीतरी बालकांच्या वजनाचा तक्ता चिकटवला होता.

“तुमची गाडी म्हणता ना?” हवालदार म्हणाला.

भाऊसाहेब त्या वस्तूंकडे बघत राहिले. आता त्यांनासुद्धा शंका येऊ लागली.

“चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली आहे,” मागून विनिता म्हणाली. ती गाडीतून उतरली होती. “काळा दोरा. डबीत लवंगा आहेत, दुपारची झोप येऊ नये म्हणून. पुढच्या सीटच्या मागच्या खिशात दोन वह्या आहेत, एक जाड, एक निळी. निळीचं मागचं पान फाटलंय. सीटखाली उशी आहे, तिच्या अभ्र्यावर कमळाचं फूल. मीटर आणि फडकं डिकीत टाकलंय, जागा पुरत नव्हती.”

हवालदाराने एकेक काढून पाहिलं. काळा दोरा. लवंगा. वह्या. कमळाचं फूल. मग त्याने चावी विनिताच्या हातात दिली.

“गाडी बाईंची आहे,” तो बॅरिकेड ओढत म्हणाला. “जा लवकर.”

आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. मांडवा अडतीस किलोमीटर.

पूल मागे पडला.

“कधीपासून?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“फेब्रुवारीपासून. तुम्ही कचेरीत गेलात, अंगणवाडी सुटली, की दीड ते साडेचार.”

“गाडीत?”

“घरात कुठे बसू? ओटीवर आई, आत टीव्ही. माडीवर सुकट. वही उघडली की कुणीतरी हाक मारतं. काचा लावल्या की ऐकू येत नाही.”

“आणि इंजिन?”

“एसीपुरतं.” तिने पिशवी घट्ट धरली. “त्याने तुमची गाडी बिघडली, हे मला गुरुवारी कळलं. तुम्ही जेवताना सांगत होतात तेव्हा. मग मी शुक्रवारी बसणार नव्हते. पण एक धडा राहिला होता.”

उपसलेली टाकी, पुठ्ठा, मिरच्या, रजा, कर्जतचा साडू, आणि साऱ्या जिल्ह्यासमोर चोर ठरणं, हे सगळं भाऊसाहेबांच्या घशाशी आलं. त्यांना ओरडायचं होतं. हक्कही होता. पण त्याच वेळी पुढे पर्यटकांची मिनीबस आली, भाऊसाहेबांनी ओलांडायला रेस दिली, गाडी थबकली, आचका दिला, समोरून डंपर आला, आणि ते जेमतेम पुन्हा बसच्या मागे शिरले. विनिताने डोळे मिटले होते. आठ वाजून पंचवीस.

या वेगाने बोट मिळणार नव्हती. हे दोघांना एकदमच समजलं.

विनिताने त्यांच्या खिशातून मोबाइल काढला आणि निकेतला फोन लावला. “निकेत, मी भाऊसाहेबांची मिसेस बोलते. गाडी उभ्या उभ्या चालू मी ठेवत होते. रोज. तीन महिने.”

“मंग तसं बोला ना, काकू. मी आपला कॉइल मागवून बसलो. काही झालं न्हाय गाडीला, काजळी धरलीय नुसती. काकांना बोला, रस्ता मोकळा गावला की खालच्या गिअरात टाका न् दाबा. तळाला जाईपर्यंत. आचका दिला तरी पाय काढायचा न्हाय. धूर येईल, येऊ दे. ती काजळी जळूनच जाते.”

“किती दाबायचं?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“काका, कवा दाबलंच न्हाय ना तुम्ही? तेवढं.”

अलिबागची गर्दी ओलांडायला पावणेनऊ झाले. पुढे रस्ता सरळ होता. बस एका हॉटेलाशी थांबली आणि समोर मोकळं डांबर दिसलं. भाऊसाहेबांनी तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. आणि पाय दाबला.

गाडी थबकली. मग असा आचका दिला, की विनिताचं डोकं मागे आपटलं. सवयीने त्यांचा पाय उचलला गेला.

“काढू नका,” विनिता म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबला. आचका. इंजिनातून खोकल्यासारखा आवाज. आरशात काळा धूर, त्यात एक स्कूटरवाला हात हलवत नाहीसा झाला. भाऊसाहेबांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. गाडी फुटणार, पेटणार, आपण दोघंही जाणार, असं त्यांना स्पष्ट वाटलं. पाय वर यायला बघत होता.

“काढू नका. जाऊ दे तिला.”

त्यांनी नाही काढला. काटा पन्नासला गेला. साठ. इंजिन किंचाळत होतं. आणखी एक आचका, मग अर्धा, आणि मग एकाएकी सगळं मोकळं झालं. गाडीने न अडखळता ओढ घेतली, पाठ सीटला चिकटली. भाऊसाहेबांनी आपल्या गाडीचा हा जोर कधी पाहिलाच नव्हता. काटा ऐंशीवर होता आणि ते तो खाली आणत नव्हते.

मांडव्याच्या जेट्टीशी ते नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचले. उतरताना विनिताने पर्समधून एक चावी काढून त्यांच्यापुढे धरली. गाडीची दुसरी चावी.

“राहू दे तुझ्याकडे,” भाऊसाहेब म्हणाले. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, निदान ‘नीट सोडव’ एवढं तरी. पण ती साडी वर धरून जेट्टीवर धावत सुटली होती. बोटीवरचा माणूस दोर सोडत होता. त्याने तिला हात देऊन आत घेतलं. तिने वळून पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण भाऊसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता.

दहा चाळीसला मेसेज आला. ‘आत घेतलं.’

परतीची बोट संध्याकाळची होती. भाऊसाहेबांनी घरी जायचं नाही असं ठरवलं. चहा प्यायले, दोनदा जेट्टीवर चक्कर मारली, अनंता पाटलांचे सात फोन घेतले नाहीत. साडेबाराच्या सुमाराला वाहनतळावर सावली कुठेच उरली नाही, तेव्हा ते गाडीत येऊन बसले. पुढे नाही. मागच्या सीटवर, जिथे ती बसायची तिथे. उशी मांडीवर घेतली. पुढच्या सीटच्या खिशातून निळी वही काढली.

अक्षर सुबक होतं. पोषण, लसीकरण, नोंदवह्यांचे प्रकार, गुलाबी रेघा. समासात मात्र पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांना आधी ते उत्तरांचे गुण वाटले. मग त्यांनी चष्मा लावला.

‘१.४० चालू. १.५० बंद. २.३० चालू. २.४० बंद. ३.२० चालू. ३.३० बंद.’ प्रत्येक पानावर. प्रत्येक दिवशी. दहा मिनिटं एसी, मग चाळीस मिनिटं नुसत्या बंद काचा. पुढे पुढे ‘चालू’च्या वेळा कमी होत गेल्या होत्या. एका पानावर लिहिलं होतं, ‘आज वारा आहे. लावायचा नाही.’ दुसऱ्यावर, ‘काटा खाली आलाय. त्यांना रविवारी लागेल. आज नको.’ परवाच्या शुक्रवारच्या पानावर एकच नोंद होती. ‘३.०० चालू. ३.०५ बंद.’ आणि खाली दोन पानं भरून धडा.

भाऊसाहेबांनी चारही काचा वर केल्या. चावी खिशातच ठेवली. घड्याळ पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान संपायच्या आत मान भिजली. दुसऱ्या पानावर घामाचा थेंब पडला, तो त्यांनी घाईघाईने बाहीने पुसला. अक्षरं समजेनाशी झाली. सीट चटके देऊ लागली, श्वास जड झाला. ते दात दाबून बसून राहिले.

अकराव्या मिनिटाला त्यांनी दार उघडलं.